मुंबईचे दारिद्र्य आणि मसुऱ्याची मनीऑर्डर

दारिद्र्य किती, हा प्रश्न या देशात कधीच निव्वळ संख्याशास्त्राचा नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत ठणकावून सांगितले की, देशातील सत्तावीस कोटी माणसे रोज तीन आण्यांवर गुजराण करतात. पंडित नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. हा वाद बेरीज-वजाबाकीतील चुकीचा नव्हता. धनिकांचे उत्पन्न मिसळून सरासरी काढायची, की तळच्या माणसाचा हिशेब वेगळा मांडायचा, हा त्या वादाचा गाभा होता. कोणाला मोजायचे आणि कोणाबरोबर मोजायचे हे एकदा ठरले की निम्मे उत्तर आधीच ठरून जाते.

शहरी दारिद्र्याच्या बाबतीत हाच प्रश्न आज वेगळ्या रूपात उभा आहे. गेल्या साठ वर्षांत दारिद्र्य मोजण्याची साधने सुधारली, निकष वाढले, प्रश्नावल्या बारकाईच्या झाल्या. या सुधारणांनी शहराविषयीचे आपले ज्ञान वाढवले हे निर्विवाद आहे. परंतु शहरात राबणारा माणूस कोणाबरोबर मोजायचा, या प्रश्नाला त्यांपैकी एकाही पद्धतीने हात घातलेला नाही. त्याचे उत्तर मंत्रालयात किंवा नियोजन भवनात सापडणार नाही. ते मसुऱ्यासारख्या गावात शोधावे लागेल.

रेषा कशी सरकली

१९६२ साली नियोजन आयोगाच्या पुढाकाराने नेमलेल्या अभ्यासगटाने माणशी दरमहा वीस रुपयांचे किमान जीवनमान निश्चित केले, शहरासाठी पंचवीस. त्या गटात धनंजयराव गाडगीळ होते, अशोक मेहता होते, अण्णासाहेब सहस्रबुद्धे होते. त्यांनी आरोग्य आणि शिक्षण यांचा खर्च या रकमेत धरला नाही. कारण उघड होते: घटनेनुसार या दोन्ही गोष्टी शासनाने पुरवावयाच्या होत्या. म्हणजे पहिली दारिद्र्यरेषा ही केवळ एक रक्कम नव्हती. तिच्या पोटात शासनाचे एक वचन गृहीत धरलेले होते. पुढे वचन विरत गेले, रेषा मात्र त्याच गृहीतावर चालत राहिली.

जानेवारी १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दररोज २२५० उष्मांक मिळतील एवढ्या खर्चाची पातळी त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात दरमहा पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी धरली. त्यांचा निष्कर्ष असा की, खेड्यांतील सुमारे चाळीस टक्के आणि शहरांतील सुमारे पन्नास टक्के लोक या पातळीखाली होते. शहरातले प्रमाण खेड्याहून जास्त होते, ही गोष्ट आज विसरली गेली आहे. त्याहून महत्त्वाचे त्यांचे विवेचन होते: शहरातील गरीब हा खेड्यातील गरिबीचाच शहरात ओसंडलेला भाग आहे, तो मूलतः वेगळा वर्ग नव्हे. या एका वाक्यात जे सांगितले गेले ते पुढच्या समित्यांनी मोजपट्टीत कधी उतरवले नाही.

त्यानंतरचा काळ उष्मांकांच्या वादात गेला. १९७९ च्या कार्यगटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० उष्मांक हे मान ठरवले. पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला: मनुष्याचे शरीर दररोज ठरावीक इंधन जाळणारे यंत्र नव्हे, ते कमी-अधिक आहाराशी जुळवून घेते, तेव्हा सरासरी गरज हीच किमान गरज मानली तर दारिद्र्याचा आकडा फुगतो. दांडेकरांनी त्याला उत्तर दिले. महाराष्ट्राच्या दोन विद्वानांतला हा वाद उच्च प्रतीचा होता. पण तो जेवणाच्या ताटाभोवतीच फिरला. ताट कोणत्या खोलीत वाढले गेले आणि त्या खोलीचे भाडे किती, हा प्रश्न बाजूला राहिला.

१९९३ मध्ये लकडावाला तज्ज्ञगटाने राज्यवार रेषा आखल्या आणि खेड्यासाठी शेतमजुरांचा, शहरासाठी औद्योगिक कामगारांचा किंमत निर्देशांक वापरण्याची शिफारस केली. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने उष्मांकांची सांगड सोडली आणि खाजगीरीत्या होणारा आरोग्य-शिक्षणावरील खर्च हिशेबात आणला. शासनाचे १९६२ चे वचन पाळले गेले नाही, याची ती अधिकृत कबुलीच म्हटली पाहिजे. या पद्धतीने २००४-०५ चा ग्रामीण दारिद्र्याचा आकडा २८.३ टक्क्यांवरून ४१.८ टक्क्यांवर गेला. शहराचा मात्र २५.७ टक्के होता तेवढाच राहिला. असे का व्हावे? कारण तेंडुलकर समितीने शहराचा जुना आकडाच आधारबिंदू म्हणून स्वीकारला आणि त्या पातळीच्या शहरी माणसाची खरेदी हेच सर्वांचे मान ठरवले. खेड्याचे दारिद्र्य नव्याने मोजले गेले. शहराचे मोजले गेले नाही, ते गजकाठी म्हणून वापरले गेले.

ही उणीव रंगराजन समितीने २०१४ मध्ये भरून काढली. तिने शहरासाठी स्वतंत्र मान बसवले. अन्नाबरोबर प्रथिने आणि स्निग्धांश पाहिले. कपडे, घरभाडे, प्रवास, शिक्षण यांचा विचार वेगळा केला. परिणाम विलक्षण होता. २०११-१२ या एकाच वर्षी तेंडुलकर पद्धतीने शहरांतील १३.७ टक्के लोक गरीब होते. रंगराजन पद्धतीने २६.४ टक्के. माणसे तीच आणि वर्षही तेच. पण ५ कोटी ३१ लाखांचे १० कोटी २५ लाख झाले. खेड्यातला आकडा २५.७ वरून ३०.९ वर, म्हणजे त्या मानाने थोडाच हलला. भाडे, लोकलचा पास आणि शाळेची फी यांचा विचार होताच शहरी दारिद्र्य जवळजवळ दुप्पट दिसू लागले. सुधारलेल्या मोजणीने शिकवलेला हा सर्वांत मोठा धडा आहे: शहरातला गरीब उपाशीपोटी असतोच असे नाही, परंतु शहरात राहण्याची किंमत चुकवता चुकवता तो रिकामा होतो.

एकच रेषा, दोन शहरे

एवढ्याने समाधान मानण्याचे कारण नाही. तेंडुलकर पद्धतीने २०११-१२ साठी महाराष्ट्राच्या शहरी भागाची रेषा माणशी दरमहा १,१२६ रुपये होती. संख्याशास्त्राच्या दृष्टीने मुंबई हे शहर आणि मालवण हेही शहर. गिरगावात खोली घेणाऱ्याला आणि मालवणात वडिलोपार्जित घरात राहणाऱ्याला एकच माप लागू. दिवसाचे साडेसदतीस रुपये मालवणातच अपुरे होते. मुंबईत ते थट्टेचा विषय होते. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दिवसाला ३२ रुपयांचे प्रतिज्ञापत्र दाखल केले तेव्हा देशभर संताप उसळला, तो याच थट्टेविरुद्ध होता.

आता नीती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक पुढे आला आहे. त्यात पोषण, शाळा, इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, मालमत्ता, बँक खाते असे बारा निकष आहेत. दारिद्र्य म्हणजे केवळ पैशांची चणचण नव्हे, ही त्यामागची कल्पना स्वागतार्ह आहे. त्यानुसार २०१९-२१ मध्ये शहरी भागात अवघे ५.२७ टक्के लोक गरीब ठरले. पण या बारा निकषांत गर्दीचा निकष नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे राहत असतील, भिंत विटांची आणि फरशी पक्की असेल, तर ते घर निर्देशांकाच्या लेखी वंचित नाही. उद्या बुलडोझर येईल ही धास्तीही त्यात नाही, आणि आठवड्यातून तीनच दिवस काम मिळते ही गोष्टही नाही. २०१२ च्या हाशिम समितीने शहरी गरीब ओळखताना निवाऱ्याची, रोजगाराची आणि सामाजिक स्थानाची असुरक्षितता पाहावी असे सुचवले होते. ती दिशा बरोबर होती.

दोन चुलींचे कुटुंब

मूळ दोष याहूनही खोल आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एकाच चुलीवर जेवणारी माणसे. ही व्याख्या सोयीची आहे. मात्र कोकणाने शंभर वर्षांहून अधिक काळ जे जीवन काढले ते या व्याख्येत बसत नाही.

मालवण तालुक्यातील मसुरे हे गड नदीकाठचे, भरतगडाच्या पायथ्याचे, अनेक वाड्यांचे गाव. भराडी देवीची आंगणेवाडी ही त्यातलीच एक वाडी. जत्रेच्या दिवसांत मुंबईहून लोटणारी गर्दी पाहिली म्हणजे या गावाचा किती मोठा भाग एरवी गावात नसतो हे कळते. भातशेती तुटपुंजी, जमिनीचे तुकडे झालेले, पावसानंतर हाताला काम नाही. म्हणून मालवण, देवगड, कणकवलीच्या गावागावांतून गडी मुंबईच्या गिरण्यांत गेले. लालबाग-परळच्या चाळींत गावकऱ्यांनी मिळून खोल्या घेतल्या, त्यांत पाळीपाळीने निजले आणि खाणावळीत जेवले. या खाणावळी चालवणाऱ्या बायांना सावकाराच्या विळख्यातून सोडवण्यासाठीच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. गावी बायको, मुले, म्हातारी आईबापे राहिली. दर महिन्याला मनीऑर्डर येई. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या जास्त का, याचे उत्तर या व्यवस्थेत आहे. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असता सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर उतरली, त्याचेही उत्तर मोठ्या प्रमाणात इथेच आहे.

अशा कुटुंबाला चूल दोन आणि कमाई एक. पाहणी मात्र त्याला दोन कुटुंबे समजते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, २०११-१२ मध्ये मुंबईत एकटा राहणारा कामगार महिन्याला सहा हजार रुपये मिळवतो. त्यातले २,६०० तो खोली, खाणावळ आणि प्रवास यांवर खर्च करतो आणि ३,४०० गावी धाडतो. गावी पाच माणसे आहेत आणि दुसरे उत्पन्न नाही. मुंबईत त्याचा माणशी खर्च २,६०० रुपये. शहरी रेषा १,१२६. तो गरीब नाही. रंगराजन समितीची देशाची शहरी रेषा १,४०७ रुपयांची होती. तिनेही तो गरीब ठरत नाही. गावी माणशी ६८० रुपये. महाराष्ट्राची ग्रामीण रेषा ९६७. ती पाचही माणसे गरीब. सरकारी तक्त्यात मुंबईच्या नावावर शून्य गरीब, सिंधुदुर्गाच्या नावावर पाच. आता हीच सहा माणसे मुंबईत एकत्र राहिली असती तर माणशी हजार रुपये पडले असते आणि सहाही जण शहरी गरीब ठरले असते. मजुरी तीच, माणसेही तीच. केवळ बायकामुले गावी ठेवल्यामुळे मुंबईचे दारिद्र्य नाहीसे झाले आणि मसुऱ्याच्या खाती चढले.

समजा, गावच्या भाताने, चार काजूंच्या झाडांनी आणि कोंबड्यांनी त्या पाच जणांना रेषेच्या वर उचलले. मग तर कोणीच गरीब राहत नाही. पण याचा खरा अर्थ काय होतो? मुंबईचा मालक कामगाराला एका माणसाच्या पोटापुरती मजुरी देतो. त्याची मुले वाढवण्याचा, आजारपण काढण्याचा, म्हातारपणी सांभाळण्याचा खर्च गावातली स्त्री शेणगोठा करून, लावणी करून, फाटी गोळा करून भागवते. शहराच्या स्वस्त मजुरीला गाव अनुदान देत असते. या अनुदानाची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात नाही आणि कोणत्याही दारिद्र्यरेषेतही नाही.

बहुआयामी निर्देशांकाने हा दोष दूर होत नाही. उलट तो अधिक गडद होतो. एकट्या राहणाऱ्या पुरुषाच्या घरात मूल नाही, म्हणून शाळेचा निकष लागू नाही. बालमृत्यूचा नाही, मातेच्या आरोग्याचा नाही. लागू नसलेला निकष 'वंचित नाही' असाच धरला जातो. ज्या खात्यातून तो घरी पैसे पाठवतो ते बँक खातेसुद्धा त्याच्या सुस्थितीचा पुरावा बनते. मुलांपासून दूर राहावे लागणे हे ज्याचे सर्वांत मोठे दारिद्र्य, त्याच दूर राहण्यामुळे तो गरिबांच्या यादीतून सुटतो.

परत फिरलेली माणसे

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. खोलीत बसून राहणे परवडेना तेव्हा असंख्य कामगार गावी परतले. गावच्या चुलीवर माणूस वाढला आणि मनीऑर्डर थांबली. त्या काळात कोकणातील घराघरांनी जी झळ सोसली ती मुंबईच्या औद्योगिक संघर्षाची झळ होती. पण मोजणाऱ्याच्या लेखी शहरातून निघून गेलेला बेकार हा शहरी बेकार उरत नाही. गरीब निघून गेले की शहर सुधारल्यासारखे दिसते. २०२० च्या टाळेबंदीत याची पुनरावृत्ती झाली. चाकरमानी पुन्हा गावच्या वाटेला लागले आणि शहराने आपला सगळा भार खेड्यावर टाकला.

या युक्तिवादावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, हे सारे गिरणीयुगातले आहे. कोकण रेल्वे १९९८ पासून धावते आहे, आंबा-काजू आणि पर्यटन यांनी पैसा आणला आहे, आता माणसे कुटुंबासह विरार, नालासोपारा, डोंबिवलीला राहतात. हे खरे आहे. परंतु गावी म्हातारी माणसे आहेतच आणि त्यांचे औषधपाणी विरारच्या पगारावर चालते. शिवाय एकट्याने राहून घरी पैसे धाडणारा माणूस मुंबईतून नाहीसा झालेला नाही. केवळ त्याचा मुलूख बदलला. आज तो उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, मराठवाड्यातून येतो. खुद्द कोकणातील आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी गडी असतात. त्यांची चूल हिमालयाच्या कुशीत पेटते. ज्या कोकणाने स्वतः हे भोगले त्याला हे समजणे अवघड जाऊ नये.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे. दोन ठिकाणची माणसे एकत्र मोजली तर दुहेरी मोजणी होईल आणि जुन्या आकड्यांशी तुलना तुटेल, असे म्हटले जाईल. पण तुलना यापूर्वीही अनेकदा तुटली आहे. १९९९-२००० मध्ये आठवण्याचा कालावधी बदलल्यामुळे आकडे वादग्रस्त ठरले. २०१७-१८ ची खर्च पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही. २०२२-२३ पासून एका भेटीऐवजी तीन भेटींत माहिती घेतली जाऊ लागली. पद्धत बदलणे अशक्य नाही, हे यावरून सिद्ध होते. दुहेरी मोजणीचे म्हणाल तर स्थलांतरित आणि त्यांनी पाठवलेला पैसा यांची स्वतंत्र पाहणी २००७-०८ च्या चौसष्टाव्या फेरीत झालेली आहे. साधन आहे. ते खर्चाच्या पाहणीला जोडण्याची इच्छा हवी.

आकड्यावर रेशन अवलंबून असते

हा विद्वानांचा खेळ म्हणून कार्यकर्त्यांनी सोडून देता कामा नये, कारण आकड्यावरून धान्य ठरते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के आणि नागरी भागातील ४५.३४ टक्के लोकसंख्येला लाभ मिळावा असे ठरले. शहराचा वाटा इतका कमी, कारण शहरी दारिद्र्य कमी आहे असे आकडे सांगत होते. राज्याने प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजार घातली, मग घरात खाणारी तोंडे किती का असेनात. वर मांडलेल्या हिशेबातील कामगाराची वर्षाची कमाई ७२ हजार होते. सहा माणसांचे ते कुटुंब दोन्हीकडे मर्यादेबाहेर पडते. खर्चाच्या मोजणीत ज्याला दोन कुटुंबे मानून मुंबईतला माणूस वगळला, त्यालाच उत्पन्नाच्या मोजणीत एक कुटुंब मानून गावचे धान्य तोडले, असा हा उफराटा न्याय आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. खर्चाच्या प्रत्येक पाहणीत तीन साधे प्रश्न घातले जावेत: या कमाईवर अन्यत्र किती माणसे अवलंबून आहेत, त्यांना किती पैसे जातात, आणि गावाकडून धान्य किंवा पैसा येतो का? त्यावरून जोडकुटुंबाचा माणशी खर्च वेगळा काढून प्रसिद्ध करावा. महानगर आणि लहान शहर यांच्या रेषा वेगळ्या असाव्यात. बहुआयामी निर्देशांकात दाटीवाटी आणि निवाऱ्याची असुरक्षितता यांना स्थान मिळावे. उत्पन्नाची मर्यादा माणशी असावी, कुटुंबाची सरसकट नसावी.

सरकार हे करीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मुंबईत गावोगावची मंडळे आहेत आणि गावात वाडीवार माणसांची ओळख आहे. एका वाडीची यादी गावात करावी, तिच्यातील बाहेर गेलेल्या माणसांची यादी मुंबईत करावी आणि दोन्ही शेजारी ठेवून बेरीज मांडावी. गणपतीला किंवा जत्रेला चाकरमानी गावी येतात तेव्हा हे काम चार दिवसांत होण्यासारखे आहे. अशा दहा वाड्यांच्या याद्या तयार झाल्या, तर तहसीलदाराला उत्तर द्यावे लागेल आणि विधिमंडळातील आपल्या प्रतिनिधींच्या हाती ऐकीव गाऱ्हाण्याऐवजी पुरावा असेल. लोहियांच्या तीन आण्यांना सभागृहात वजन आले ते त्यांनी स्वतः हिशेब मांडला होता म्हणून. मनीऑर्डरचा कागद गेला, पैसा आता मोबाईलवरून जातो. तो किती जातो आणि किती तोंडांत वाटला जातो, हे विचारणे मात्र अजून सुरूच व्हायचे आहे.